गोवर नव्हता

आरोग्य खात्याच्या साहेबांनो, तुम्ही गप्प बसलात. खोटं बोललात असं कुणी म्हणणार नाही. खोटं बोलायला निदान तोंड उघडावं लागतं. गेल्या वर्षी तुम्ही दवाखान्याच्या दारावर एक कागद चिकटवून गेलात. हात धुवा, म्हाताऱ्यांना जपा, लहान मुलांना या रोगाची भीती नाही. हात कशानं धुवायचे ते त्यात नव्हतं, कारण टेकडीवरच्या नळाला तेव्हा बारा दिवस पाणी नव्हतं. ते जाऊ द्या. पण ती शेवटची ओळ चुकीची आहे हे तुमच्या मोठमोठ्या इस्पितळांत ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी एक माणूस मोटारसायकलवर पाठवून तो कागद फाडायचा होता. नवा लावायलाही नको होता, नुसता फाडायचा. तेवढंही तुमच्यानं झालं नाही. कागद उन्हानं पिवळा पडला आणि त्याच्यासमोरून रोज पहाटे बायकांचा ट्रक जात राहिला.

त्या ट्रकात हनिया उभी असायची. बसायची सोय नव्हती. बायका बसल्या की जागा अडते, म्हणून बिशीर ड्रायव्हर निघण्याआधी ट्रकच्या पाट्यावर दोन बादल्या पाणी ओतायचा. ओल्यात कोण बसणार? बावीस बायका एकमेकींचे खांदे धरून ट्युनिशियातल्या कसरीनच्या उघड्याबोडक्या डोंगराकडेनं हेलकावत जायच्या, आणि नळाला नाही ते पाणी याच्या बादलीत कुठून येतं, हे रोज कुणीतरी विचारायचीच.

"तुमच्या सासरहून आणतो," बिशीर म्हणायचा.

"माझ्या सासरी पाणी असतं तर मी तुझ्या ट्रकात चढले असते का रे?" जाझिया म्हणायची. जाझिया हनियाची शेजारीण, भिंतीला भिंत. नवरा जाऊन महिना झाला नव्हता, तरी कामावर येत होती आणि जीभही जागच्या जागी होती.

ऑगस्ट सरत आला होता. फड्या निवडुंगाच्या बोंडांचा हंगाम भरात होता. ही बोंडं तोडायची ती अंगावर दव असताना. ऊन चढून वारा सुटला की त्यांच्यावरची केसाएवढी कुसळं उडतात आणि मानेत, पापण्यांत, बाहीच्या आत शिरतात. लांब काठीच्या टोकाला टिनाचा डबा बांधलेला असतो. बोंड डब्यात घ्यायचं, मनगट पिळायचं, तुटलं की खाली गवतावर टाकायचं. मग हलफा गवताच्या केरसुणीनं ढीग झाडून कुसळं उडवायची आणि पेट्या भरायच्या. झाडायचं काम पोरींचं. शाळेला सुटी म्हणून हनिया आपल्या रिहामला बरोबर आणायची. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, आणि आईच्या चौपट बोलणारी.

त्या सोमवारी रिहाम बोलेना. केरसुणी मांडीवर घेऊन ढिगाशेजारी बसून राहिली.

"काय गं, आज केरसुणीला सुटी का?" हनियानं विचारलं.

"पोट दुखतंय."

"किती खाल्लीस?"

"एकपण नाही."

पोर खोटं बोलते असं धरून हनियानं तिला सावलीत बसवलं. बोंडं जास्त झाली की पोट बांधलं जातं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. परतताना ट्रकात रिहामचं कपाळ तिच्या हाताला लागलं, ते तव्यासारखं तापलेलं होतं.

घरी सासू होती, खमीसा. तिचा नवरा तय्यब ईदच्या दोन दिवस आधी गेला होता, आणि विधवेनं चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नसतो. घरात बसून म्हातारीचा जीव विटला होता. पण रीत ती रीत. तिनं नातीचे हात उलटेपालटे करून पाहिले. तळवे लाल, बोटं सुजून टरारलेली.

"कुसळं गेलीत," ती म्हणाली. "पोरीला हातमोजे दे म्हणून कधीची सांगतेय."

"तिच्या मापाचे मिळतात कुठे, उम्मी?"

खमीसा चिमटा घेऊन दारातल्या उजेडाला बसली. सबंध दुपार ती काटे शोधत होती. एक मिळाला, दुसरा मिळेना. तेल चोळलं, पुन्हा पाहिलं. नसलेले काटे काढता काढता पोरीची कातडी सोलवटली. रिहाम रडली नाही. सुई दिसली तर गाव गोळा करणारी ती पोर हात आजीच्या मांडीवर टाकून भिंतीकडे बघत राहिली, आणि हनियाला तेवढंच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले. चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते रक्तासारखे लाल. ओठ फुटले. पोटावर, पाठीवर पुरळ उठलं. ते बघून खमीसाच्या कपाळावरची आठी गेली, कारण दुखण्याला आता नाव मिळालं होतं.

"गोवर," ती म्हणाली. "माझ्या लझहरला आला होता, त्याच्या दोन्ही भावांना आला होता. येतो तसा जातो. त्याला फक्त लाल लागतं."

"तिची लस झालीय, उम्मी."

"लस सरकारची. गोवर देवाचा."

म्हातारीनं पेटीतून आपल्या लग्नातली तांबडी शाल काढली आणि खिडकीवर ताणून बसवली. रिहामच्या अंगावर तांबडी चादर, डोक्याला तांबडा रुमाल. वारा लागायचा नाही. परक्याची नजर पडायची नाही. आणि सुई तर मुळीच नाही. सुईनं गोवर आत वळतो आणि आत वळला की पोर हातची जाते. हे सगळं खमीसाला तिच्या आईनं सांगितलं होतं, आणि आईला तिच्या आईनं. या मुलखात शंभर वर्षांत दुसरं कुणी काही सांगायला आलंच नव्हतं.

त्या तांबड्या उजेडात पोर बरी दिसायला लागली. संध्याकाळी हनियाचा नवरा लझहर पेट्या वाहून आला, खांदे सालटलेले, दारातनंच वाकून म्हणाला, "सकाळपेक्षा रंग चांगला आहे की." होताच. त्या खोलीत मेलेल्या माणसाच्या गालावरही लाली आली असती.

बुधवारी हनिया कामावर गेली. एक दिवस गेलं नाही की बिशीर जागा दुसरीला देतो. काठी चालत होती, लक्ष घराकडे होतं. पहिल्यांदा तिच्या डब्यातनं बोंडं निसटून पायांवर पडली.

"नेम फळाला धर, पायाला काय धरतेस?" जाझिया म्हणाली. मग तिनं हनियाचं तोंड बघितलं आणि तिच्या ओळीतल्या चार झाडांची बोंडं तोडून दिली.

गुरुवारी सकाळी रिहामला परसाकडे न्यायचं म्हणून हनियानं उचलली. अंगणात आली आणि उन्हात तिनं पोरीचं तोंड पाहिलं. राखेच्या रंगाचं. नखं निळी. अंग तापलेलं, पण बोटांची टोकं विहिरीतल्या दगडासारखी गार.

"आत आण तिला," खमीसा दारातनं म्हणाली. "वारा लागेल गोवराला."

"लागू दे."

खमीसा उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. पाय उचलला, परत ठेवला. हनिया पोरीला पाठीशी घेऊन चालायला लागली होती.

दवाखाना गुरुवारीच उघडतो. डॉक्टर पंधरा दिवसांनी येतो, एरवी मुन्सिफ नावाचा एकच परिचारक सगळं बघतो. त्यानं लसीचं कार्ड पाहिलं, पोरीच्या पापण्या वर केल्या, पोट दाबलं. उजवीकडे दाबल्यावर ती कण्हली.

"हा गोवर नाही. दोन्ही डोस झालेत. आतडं सुजलं असेल. अपेंडिक्स. कापावं लागेल. आत्ताच्या आत्ता तालुक्याला न्या." मग आवाज उतरवून म्हणाला, "रुग्णवाहिका मागवली तर दुपार होईल, हनियाबाई. बिशीरला गाठा."

बिशीरनं त्या दिवशी पाटा कोरडा ठेवला. लझहर पुढं बसला. मागं हनिया, तिच्या मांडीवर रिहामचं डोकं, आणि पाय जाझियाच्या मांडीवर. कुणी बोलावलं नव्हतं जाझियाला. दिवसाची मजुरी बुडवून ती चढली होती आणि वाटभर ते गार पाय आपल्या तळहातांनी घासत होती.

तालुक्याच्या इस्पितळात नुझहा नावाची तरुण डॉक्टरीण होती. तीन दिवस झोपली नसावी अशी दिसत होती. तिनं तपासलं, नाडी धरली, परत धरली.

"गेल्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला कोरोना?"

"नाही," लझहर म्हणाला.

"कुणी वारलं?"

"वडील. हृदयानं. कागद आहे."

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. डॉक्टरणीनं तो बघितला, परत दिला, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीकडे निरोप पाठवला.

तय्यब हृदयानं गेला नव्हता. नऊ दिवस खोकून खोकून, शेवटी पाण्याबाहेरच्या माशासारखं तोंड उघडंमिट करत गेला. इस्पितळात नेला असता तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन आला असता, आणि पांढऱ्या कपड्यातल्या परक्या माणसांनी त्याला न धुता पुरला असता. साठ वर्षं रोज पाच वेळा हातपाय धुऊन नमाज पढलेल्या माणसाला असा मळका पाठवायचा? लझहर गावच्या मुखियाकडे गेला, मुखियाच्या शब्दावर तालुक्यातल्या एका डॉक्टरनं माणूस न बघता सही केली. मग लझहरनं बापाला आपल्या हातांनी धुतला. पाणी हनियानं तापवून दिलं. ते पाणी तिनं गाढवावरून दोन कोस आणलं होतं. गावानं जनाजा खांद्यावर नेला, परत येऊन एका ताटाभोवती आठ-आठ जण कुसकुस जेवले.

तीन आठवड्यांनी जाझियाचा नवरा मुख्तार गेला. मग खालच्या गल्लीतले दोघं. मोठ्यानं कुणी काही बोललं नाही. हनियालाही त्या दिवसांत ताप होता. पण खोकणारीला बिशीर ट्रकात घेत नसे, म्हणून ती खोकला गिळत गेली. रिहामला दोन दिवस नाक गळलं, तिसऱ्या दिवशी ती अंगणात शेळीमागं धावत होती. ती सर्दी कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती.

जाझिया शेजारी बाकावर बसलेली होती. हनिया उठून खिडकीशी गेली आणि तिनं घरी फोन लावला.

"उम्मी, कापणार म्हणतात. आणि त्यांनी विचारलं, घरात तो रोग होता का."

"काय सांगितलंत?"

"हृदय."



"तुझा सासरा धुऊन, नमाज होऊन मातीत गेला," म्हातारी म्हणाली. "आता त्याला कोण उकरून काढतंय? सांग जा."

"जाझिया बसलीय इथं."

"मग तिच्यासमोर सांग. मागून कळलं तर तिच्या लेखी तिचा नवरा दोनदा मरेल."

रिहामची ढकलगाडी निघाली होती. हनियानं तिचा दांडा धरला. ओढणाऱ्या माणसानं "सोड बाई" म्हटलं, तिनं सोडला नाही.

"डॉक्टर, हा खोटं बोलला. मीपण गप्प राहिले. सासरा त्याच रोगानं गेला. सहा आठवडे झाले. मला होता, याला होता, हिलापण असणार. आम्ही धुतला, गावाला जेवू घातलं."

लझहरनं मान खाली घातली. जाझिया बाकावरून उठली, हनियाकडे नीट बघितलं, आणि दाराबाहेर गेली.

नुझहानं गाडी थांबवली. तिथंच, वाटेत, पोरीच्या छातीवर नळी लावून तिनं बराच वेळ ऐकलं. मग हात सुजलेले पाहिले, ओठ पाहिले, पोट पुन्हा पाहिलं. "कापायचं नाही," ती आतल्या माणसांना म्हणाली. "ही बेशुद्ध केली तर परत उठायची नाही." हनियाला तिनं साध्या शब्दांत सांगितलं. रोग जातो, मग तीन-चार आठवड्यांनी काही पोरांचं अंग स्वतःवरच उलटतं. पोट, कातडी, डोळे, सगळं सुजतं. हृदयसुद्धा. हिचं हृदय दमलंय.

"आधी का नाही सांगितलं?" डॉक्टरणीनं विचारलं.

"असं होतं हे तुम्ही तरी आधी कुठं सांगितलंत?" हनिया म्हणाली.

डॉक्टरीण फोन लावायला गेली. चार ठिकाणी जागा नव्हती, पाचव्या ठिकाणी मिळाली, किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरात.

सतरा दिवस तिथं गेले. परक्या माणसांच्या रक्तातून काढलेलं औषध थेंब थेंब पोरीच्या अंगात गेलं. लझहर इस्पितळाच्या भिंतीबाहेर पुठ्ठ्यावर राहिला. नवव्या दिवशी रिहामनं भाकरी मागितली आणि ती मऊ आहे म्हणून तक्रार केली. तेव्हा हनिया मोरीत गेली, नळ सोडला, आणि तिथं जे रडायचं ते रडून घेतलं.

पोर वाचली. पण हृदयाला रक्त नेणारी एक शीर फुगून रुंद झाली होती. रोज पाव गोळी. पळायचं नाही. आणि दर महिन्याला यंत्रावर हृदय बघायचं, त्याच शहरात, चार तासांच्या वाटेवर.

बिशीरनं जागा ठेवली होती, पण कामावर परत गेली त्या दिवशी ट्रकात हनियाच्या खांद्याला कुणी धरलं नाही. वळणावर ती एकटीच हेलपाटली.

"मुख्तार तुमच्या ताटात जेवला," जाझिया म्हणाली. सगळ्या बायका रस्त्याकडे बघायला लागल्या. "चमचा कुणाच्या चमच्याशेजारी होता, तेपण आठवतंय मला."

"हो."

"नुसतं हो काय?"

"दुसरं काय म्हणू? तुला सांगायला हवं होतं. घरात नका येऊ म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं."

"म्हटलं असतंस तरी तो आला असता," जाझिया म्हणाली. "तय्यबच्या मातीला जायचं नाही म्हणजे काय. तोंड काळं झालं असतं त्याचं." मग तिनं डोक्यावरचा रुमाल आवळला. "पण ते त्यानं ठरवायचं होतं. तुम्ही नाही."

शेतात दोघींच्या ओळी शेजारी आल्या. तासभर नुसते डबे वाजत होते. मग जाझिया वर बघतच म्हणाली, "माझ्या धाकटीचे डोळे कालपासून लाल आहेत."

हनियाची काठी थांबली. "ताप?"

"नाही."

"पोट? अंगावर काही?"

"नाही. सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात."

"मग डोळे आलेत. पण ताप तीन दिवस राहिला तर कुणाचं ऐकू नकोस. खिडकी झाकू नकोस. नखं उन्हात बघ. आणि विचारतील तेव्हा मुख्तारचं खरं सांग."

बाकीच्या बायका काठ्या खांद्याला लावून जवळ आल्या. एकीनं विचारलं, ओठ कसे फुटतात. दुसरीनं विचारलं, किती दिवसांनी. हनिया सांगत राहिली, ऊन वर येईपर्यंत, कुसळं उडायला लागेपर्यंत. ज्यांना त्या कामाचा पगार मिळतो त्यांच्यापैकी कुणी तिथं नव्हतं.

ऑक्टोबरात आरोग्य खात्याचा साहेब जिल्ह्याहून आला. शाळेत लसीकरण होतं, टेबल, पाण्याच्या बाटल्या, फोटोवाला. हनिया रांगेतून टेबलाशी गेली. मागं लझहर होता, रिहामचा हात धरून.

"हृदय बघायचं यंत्र इथं आणा," ती म्हणाली. "नाहीतर महिन्याला एक गाडी द्या."

साहेबानं कागद चाळले. माणूस उद्धट नव्हता. "बाई, आमच्या नोंदीप्रमाणे या भागात असा एकही रुग्ण नाही."

"ही उभी आहे."

"ही कोरोनानंतर आजारी पडली असं लिहायला घरात आधी कोरोना झाल्याची नोंद लागते. तुमच्याकडे हृदयविकार लिहिलाय. तो कागद खोटा म्हणायचा तर चौकशी होईल. तुमच्या नवऱ्याची."

हनियानं मागं पाहिलं नाही. लझहरच पुढं आला. त्याचा आवाज नीट फुटत नव्हता.

"लिहा. लझहर बिन तय्यब. बाप कोरोनानं गेला. कागद मी करून घेतला. धुतला मी."

साहेबानं शेजारी बसलेल्या मुखियाकडे बघितलं. मुखिया बुटांकडे बघत होता.

"मुख्तारचंही लिहा," रांगेतून जाझिया म्हणाली. "तो साखरेनं मेला असं लिहिलंय. त्याला कधी साखर नव्हती. चहात घालायलासुद्धा नसायची."

एक-दोघी हसल्या. मग खालच्या गल्लीतली एक म्हातारी पुढं आली आणि तिनं आपल्या दोन्ही भावांची नावं सांगितली. साहेबाचं पेन एका नावावर थांबलं, पुढं सरकेना. त्यानं टोपण लावलं.

"हे असं इथं लिहून घेता येत नाही," तो म्हणाला.

"लिहा किंवा नका लिहू, आमचं सांगून झालं," हनिया म्हणाली. "काय लपवलं, का लपवलं, तोंडावर सांगितलं. यानं तुरुंगात जायची तयारी ठेवून सांगितलं. आता तुमची पाळी. या उन्हाळ्यात अशी किती पोरं तुमच्या इस्पितळांत आली? कुठल्या गावांची? किती परत गेली?"

"ती माहिती ट्युनिसला असते."

"ट्युनिसला फोन लागतो."

साहेब उठला. दारात बायका होत्या. त्यांनी वाट अडवली नव्हती, फक्त त्या हलत नव्हत्या. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"सगळ्यांचं नको," हनिया म्हणाली. "एकाचंच सांगा. दवाखान्यावरचा तो कागद खोटा पाडणारं पहिलं पोर कुठल्या तारखेला आलं?"